पोहायचं कुठं, कयाधूत?

ट्रायथलॉन म्हणजे आधी पोहायचं, ओल्या अंगानं सायकलवर टांग टाकायची आणि सायकल सोडून पळत सुटायचं. ऑलिम्पिकमध्ये 1.5 किलोमीटर पोहणं, 40 किलोमीटर सायकल आणि 10 किलोमीटर पळणं असतं. आयर्नमॅन नावाचा याचा थोरला भाऊ आहे. त्यात 3.8 किलोमीटर पोहून, 180 किलोमीटर सायकल हाणून वर 42.2 किलोमीटरची अख्खी मॅरेथॉन पळायची. मुदत साधारण 17 तास. हे सगळं हिंगोलीच्या बसस्टँडसमोर चहा पिता पिता समजावून सांगितलं, तर ऐकणारा शांतपणे विचारतो, "मिळतंय काय?" पदक मिळतं, टी-शर्ट मिळतो. "आन् फी?" ती हजारांत असते. मग बशीतला उरलेला चहा संपवून तो म्हणतो, "म्हंजे पैसे भरून पळायचं. आन् मागं कुत्रं बी नाही?"

प्रश्न अडाणीपणाचा वाटत असेल, तर ही आयर्नमॅन शर्यत निघाली कशी ते ऐका. अमेरिकेच्या हवाई बेटांवर नौदलातले जॉन कॉलिन्स आणि त्यांची दोस्तमंडळी वाद घालत बसली होती, की खरा दमाचा कोण? पोहणारा, सायकलवाला, की पळणारा? पारावरचाच वाद. आपल्याकडे असला वाद ग्रामपंचायतीच्या जुन्या भांडणावर जाऊन संपतो. त्यांनी फेब्रुवारी 1978 मध्ये तिन्ही शर्यती एकाला एक जोडल्या. 15 जण उतरले, 12 जण पोचले. त्या वादावर आज जगभर धंदा चालतो.

आपल्या बाजूला हा धंदा गोव्यात आला. 20 ऑक्टोबर 2019 ला पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर आयर्नमॅनचा निम्मा प्रकार झाला. 1.9 किलोमीटर समुद्रात, 90 किलोमीटर सायकलवर, 21.1 किलोमीटर पायांवर. तेव्हापासून पुण्या-मुंबईचे डॉक्टर, इंजिनिअर, बिल्डर, साहेब लोक पहाटे साडेचारला उठायला लागले. त्याआधी 2015 मध्ये मिलिंद सोमण पन्नाशीच्या उंबरठ्यावर झुरिकची पूर्ण आयर्नमॅन पार करून आले होते, आणि महाराष्ट्रातल्या बऱ्याच घरांत बायकांनी नवऱ्याच्या पोटाकडे नव्या नजरेनं पाहिलं होतं. 2024 मध्ये बंगळुरूचे खासदार तेजस्वी सूर्या यांनीही गोव्याची शर्यत पुरी केली. आपल्याकडच्या पुढाऱ्यांनी मनावर घ्यायला हरकत नाही. पक्ष बदलताना ते पळतातच, नुसतं अंतर वाढवायचं.

हौशी खेळाडूची मला चेष्टा करायची नाही. म्हणजे थोडी करायची आहे. कार्बनची सायकल काही लाखांची. ती घेताना दुकानदार सांगतो, ही दीड किलोनं हलकी आहे. त्या दीड किलोसाठी माणूस लाखभर जास्त मोजतो आणि स्वतःच्या कमरेवरचे बारा किलो तसेच घेऊन तिच्यावर बसतो. मनगटावरचं घड्याळ त्याला सकाळी सांगतं की रात्री झोप लागली होती की नाही. एरवी हे काम शेजारी झोपणारं माणूस फुकट करतं. पण चाळीस-पंचेचाळीसचा माणूस, ज्याच्यावर कुणाची जबरदस्ती नाही, बढती नाही, मार्क नाहीत, तो सहा महिने नेमानं राबतो, याला मी मानतो. फक्त त्यानं स्टेटसला रोज घामाचा फोटो टाकू नये.

आता गंमत बघा. गोव्याची ती पहिली शर्यत जिंकली कुणी? भारतीय लष्करातल्या बिश्वोरजित सायखोम या जवानानं. ना बिल्डर, ना साहेब. पळणं ज्याची नोकरी आहे तो पुढं, पळणं ज्याचा छंद आहे तो मागं. आणि इथंच आमच्या हिंगोलीचा संबंध येतो.

हिंगोलीत राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक 12 आहे. जिल्ह्यात भरतीची तयारी करणारी पोरं किती आहेत ते मोजायचं असेल, तर पहाटे पाचला वसमत, कळमनुरी, सेनगाव, कुठल्याही रस्त्याला गाडी घाला. हेडलाइटच्या उजेडात आधी बनियन दिसतात, मग पाय. पोलीस भरतीत मुलांना 1600 मीटर पळायचं असतं. पुरे 20 गुण हवे असतील, तर 5 मिनिटं 10 सेकंदांच्या आत. म्हणजे किलोमीटरला सव्वातीन मिनिटांहून कमी. लाखांच्या सायकलवाला हौशी माणूस किलोमीटरला साडेसहा-सात मिनिटं घेतो आणि शेवटच्या रेषेवर दोन्ही हात वर करून फोटो काढतो. आमचा पोरगा सव्वापाच मिनिटांत येतो आणि गुण कमी पडले म्हणून डोकं धरून खाली बसतो. त्याला कुणी केळं देत नाही. पाण्याची बाटली त्याच्या बापानं धरलेली असते, मैदानाच्या गेटाबाहेर.

पहिल्याला आपण खेळाडू म्हणतो, दुसऱ्याला बेरोजगार.

सायकलचंही तसंच. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. सेनगाव, औंढ्याकडच्या वाड्या-तांड्यांवरून त्या शाळेला येतात. कॅरिअरवर दप्तर, ते जुन्या ट्यूबच्या पट्टीनं आवळलेलं. ओढणी चाकात जाऊ नये म्हणून कमरेला गाठ. चढावर चेन उतरली की उतरायचं, काडी घालून चेन दात्यावर बसवायची, पायडल उलटं फिरवून बघायचं, हाताचं काळं ग्रीस रस्त्याकडेच्या पाल्याला पुसायचं आणि घंटा व्हायच्या आत शाळा गाठायची. ट्रायथलॉनमध्ये पोहून आल्यावर सायकल पकडायच्या जागेला ट्रान्झिशन म्हणतात. तिथं वेळ वाचवायला बुटांना रबरी नाड्या लावतात, लोक त्याचा वेगळा सराव करतात. आमची पोरगी चेन बसवून पुन्हा सायकलवर किती सेकंदांत येते, ते कुणीतरी एकदा घड्याळ लावून मोजावं.

थोडक्यात, पळणं आहे, सायकल आहे. मग हिंगोली ट्रायथलॉन का नको? मी मनातल्या मनात ती भरवूनही पाहिली. शर्यत सकाळी सहाला, उद्घाटक साडेनऊला. कमानीवर खेळाडूंचं नाव नाही, वाढदिवसाच्या शुभेच्छा आहेत. सायकलचा टप्पा हिंगोली ते औंढा नागनाथ आणि परत. देवदर्शनासाठी घड्याळ थांबवावं अशी निम्म्या स्पर्धकांची मागणी. पळण्याचा टप्पा नर्सी नामदेवच्या रस्त्यानं. तिथं वारकरी मंडळी टाळ घेऊन शांतपणे या सगळ्यांच्या पुढं निघून जातात, कारण ते थांबत नाहीत आणि फोटोही काढत नाहीत.

घोडं अडतं ते पहिल्याच टप्प्याला. पोहायचं कुठं? कयाधू नदीत? मे महिन्यात कयाधूतला पोहण्याचा टप्पा चपला घालून पार करता येतो. पैनगंगेवर इसापूर धरण आहे, पूर्णेवर सिद्धेश्वर आहे. पाणी भरपूर. पण त्यात उतरणार कोण?

एके काळी हा प्रश्न पडला नसता. गावात विहिरी होत्या. चुलता नाहीतर मामा पोराच्या पाठीला वाळका भोपळा किंवा रिकामा डबा बांधायचा आणि विचारत न बसता ढकलून द्यायचा. दोन उन्हाळ्यांत पोरगं वरून मुटके मारायला लागायचं. मग बोअर आलं. सहा इंची भोकात पोरगं पोहत नाही. जुन्या विहिरी आटल्या, काही बुजवल्या, काही नुसत्या गाळ आणि पिशव्यांनी भरल्या. विहीर गेली तसा पोहणं शिकवणारा मामाही गेला, कारण आता त्यालाच पोहता येत नाही. पोरींच्या पाठीला तर भोपळा तेव्हाही फारसा कुणी बांधला नव्हता.

जगातही ट्रायथलॉनमध्ये नव्या माणसाला धडकी भरते ती पाण्याचीच. पळता-पळता दम लागला की थांबता येतं, सायकलवरून उतरता येतं. पाण्यात पाय टेकायला जमीन नसते. पुण्याचे कौस्तुभ राडकर या क्षेत्रातलं महाराष्ट्राचं मोठं नाव. ते मुळात जलतरणपटू. पाणी लहानपणी अंगवळणी पडलेलं असलं, की पुढचं घामानं जमतं.

आमच्याकडे विहिरी गेल्या आणि शेततळी आली. 'मागेल त्याला शेततळे' योजनेत सगळ्यात मोठा आकार होता 30 मीटर लांब, 30 मीटर रुंद, 3 मीटर खोल. हिशेब केला तर 50 फेऱ्यांत ऑलिम्पिकचं पोहणं पुरं. सरकारी अनुदानातून खणलेले जलतरण तलावच म्हणा ना! पण नाही. कडांना उतार, त्यावर प्लास्टिकची पन्नी, पन्नीवर शेवाळ. पाणी काढायला, मोटारीचा फूटव्हॉल्व्ह बघायला, नाहीतर नुसतं हात धुवायला वाकलेल्या माणसाचा पाय सटकला, की वर यायला पकडायला काही नाही. पोहता येणाराही त्या पन्नीवर चढू शकत नाही, बोटं घसरतात. भाऊ घसरला म्हणून बहीण हात द्यायला जाते, तिच्यामागं आई. मराठवाड्याच्या पेपरात ही बातमी दर वर्षी येते, आतल्या पानावर, दोन कॉलमांत. पाणी साठवायचं अनुदान आहे, पन्नीचं अनुदान आहे. पोहायला शिकवायचं अनुदान कुठल्याच तक्त्यात बसत नाही.

म्हणून स्पर्धेचे फ्लेक्स छापायच्या तयारीत असलेल्या उत्साही मंडळींना माझं सांगणं आहे. तुमची ट्रायथलॉन जरूर भरवा. पण आधी एक उन्हाळा एखाद्या तालुक्यातल्या पन्नास पोरापोरींना, आणि पोरी जास्त, चांगल्या शिकवणाऱ्याच्या हाताखाली पोहायला शिकवा. पदकांपेक्षा ते स्वस्तात होईल. वर्दीसाठी पळणाऱ्या पोरांनाही हे कामी येईल; पूर आला की पाण्याजवळ पहिली तीच उभी असतात.

आणि ज्यांच्या रानात शेततळं आहे त्यांनी तेवढीही वाट बघू नये. भोवती तारेचं कुंपण घाला. चारी काठांना भक्कम खुंटे ठोका, त्यांना जाड दोर बांधून तो पाण्यापर्यंत सोडा, दोराला ठिकठिकाणी गाठी मारा म्हणजे ओल्या हाताला पकड मिळेल. एका कोपऱ्यात हवा भरलेली ट्रकची ट्यूब ठेवा. ट्यूब जुनी असली तरी चालेल, दोर मात्र नवा घ्या. या रविवारी घ्या.