भाकरीचे दिवस पालटले

अमेरिकेतलं रोजचं जगणं गेल्या सत्तर वर्षांत किती बदललं, यावर तिकडे म्हणे फार लिहिलं जातं. लिहोत बापडे. धाराशिव जिल्ह्यात काय बदललं, हे सांगायला एक भाकरी पुरते.

1948 साली निजामाच्या राजवटीतून सुटलो तेव्हा आमच्याकडे रोज ज्वारी आणि सणाला गहू, असा सरळ हिशेब होता. जावई आला की पोळी. मुक्काम लांबवायला लागला की भाकरी. तेवढ्यावर समजदार जावई पिशवी भरायचा. मग 1972 चा दुष्काळ पडला. खडी फोडणाऱ्यांना कामावर सुकडी मिळाली आणि रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी. ‘तिकडं हे जनावरांना घालतात,’ असं कुणीतरी सांगितलं. लोकांनी ते ऐकून घेतलं आणि रांगेत पुढे सरकले.

पुढे आम्ही सुधारलो. खरिपातली ज्वारी सोडून सोयाबीन धरलं, रब्बीत शाळूच्या रानात हरभरा आला. तीन-साडेतीन महिन्यांत हातात पैसा. कणसं खुडायची कटकट नाही, मचाणावर उभं राहून गोफण फिरवणं नाही. एखाद्यानं हट्टानं एकरभर ज्वारी ठेवलीच, तर साऱ्या शिवारातली पाखरं त्याच्याकडे पंगतीला. बाप आभाळाकडे बघून झोपायचा. लेक मोबाइलवर शिकागोचा वायदा बघून झोपतो. आभाळाकडे बघावं लागतं ते वेगळंच.

एवढं सगळं निस्तरून माणूस पोळीला लागला, तोच डॉक्टर म्हणाले, साखर वाढलीय, भाकरी खा. 2023 साली जिल्ह्याचं नाव बदललं आणि त्याच वर्षी, भारताच्याच आग्रहावरून, संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष पाळलं. ज्वारीची पत रातोरात वाढली. जिल्ह्याची वाढायची आहे. तोवर नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आम्ही आकांक्षा धरून बसलोच आहोत.

वेळ अमावस्येला आमच्याकडे या, गंमत दिसेल. शेतात कोप हवी कडब्याची, पण ज्वारीच नाही तर कडबा कुठला? मग हिरवी शेडनेट, नाहीतर जुनी साडी. आत चुन्यानं रंगवलेले पांडव निमूट बसतात, त्यांना सवय आहे वनवासाची. भज्जी घरची. आंबिलीचं पीठ मात्र किराणा दुकानातलं, पिशवीबंद, वर शेतकऱ्याचं हसरं चित्र.

अशाच एका कोपीत अमेरिकेतल्या लेकाचा व्हिडिओ कॉल लागला. “आई, मी आता इथं रोज भाकरीच खातो. ग्लुटेन नसतं तिच्यात.”

आईनं पदरानं मोबाइल पुसला. “बरं केलंस बाबा. येताना दोन किलो पीठ घिऊन ये. हितं लई महाग झालंय.”