त्यांचा प्लॅन वेगळा असेल

इंटरनेट बंद पडलं की मला आतून जरा बरंच वाटतं. हे आमच्या घरी सांगू नका. मदतकेंद्राला फोन करायची ती संधी असते आणि पलीकडच्याला कळायला हवं असतं की हा कुणी ऐरागैरा ग्राहक नव्हे. त्याने तोंड उघडायच्या आत मी सांगतो, ‘ओएनटीवर एलओएस लाल आहे, म्हणजे प्रकाशच पोचत नाहीये.’ विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ला देशात इंटरनेट खुलं केलं, तेव्हाच्या किंचाळणाऱ्या मोडेमपासून मी यात आहे, हेही सांगून टाकतो. तो सगळं ऐकून घेतो. ‘बरोबर आहे सर. राउटर बंद करून परत चालू करा.’

मी करतो.

होल्डवरचं संगीत सुरू झालं की मला खोडद आठवतं. मला खोडद कशावरूनही आठवतं. पाहुणे हल्ली विषय बदलतात. नारायणगावजवळ गोविंद स्वरूपांनी उभारलेली ती जीएमआरटी दुर्बीण! ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, पंचवीसेक किलोमीटरच्या टापूत विखुरलेल्या आणि सगळ्या फायबरनेच मधल्या इमारतीला जोडलेल्या. सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेला हायड्रोजनचा संदेश त्यांनी टिपल्याचं जानेवारी २०२३मध्ये जाहीर झालं. मधल्या एका दीर्घिकेने भिंगाचं काम केलं म्हणून ते जमलं. विश्वाच्या त्या टोकाचा हायड्रोजन पुणे जिल्ह्यात पोचतो आणि डहाणूकर कॉलनीच्या चौकातून सिग्नल आमच्या तिसऱ्या मजल्यावर येत नाही? मी हे मदतकेंद्राला ऐकवलं.

‘सर, त्यांचा प्लॅन वेगळा असेल.’

कारण साधं असतं. आमची केबल जमिनीखालून नाही, गुलमोहरावरून येते. पावसाळ्याआधी फांद्या छाटल्या की फांदीबरोबर तीही खाली. त्याचा मला राग नाही. राग येतो तो मेसेजचा: ‘आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे.’ समोर लाल दिवा तसाच! पुन्हा फोन, नवा तक्रार क्रमांक, नवा आवाज आणि तोच राउटर बंद करून चालू. जुनी तक्रार मात्र कुणाच्या तरी तक्त्यात वेळेत मिटलेली.

शेवटी सॅक लावून दुरुस्तीवाला मुलगा येतो. जिन्यातच मांडी ठोकून केबल सोलतो. आतली काच केसाएवढी, १२५ मायक्रॉनची. त्यातला प्रकाश वाहणारा गाभा जेमतेम ९. ती दोन टोकं मशिनमध्ये समोरासमोर आणून वितळवून जोडतो. ‘डीबीएम किती?’ मी जाणकारासारखं विचारलं.

‘उणे एकवीस, काका.’

काका! ठीक आहे. माझी मीटिंग सुरू होती म्हणून तोवर त्याने आपल्या मोबाइलचा हॉटस्पॉट लावून दिला होता, स्वतःच्या डेटावर. त्याला पगार नाही, तक्रारीमागे पैसे मिळतात. निघताना खालच्या आवाजात म्हणाला, ‘काका, मेसेज येईल. पाच स्टार द्या. चार दिले तरी आम्हाला विचारतात.’

तुम्हालाही तो मेसेज येईल. त्याला पाचच द्या. कंपनीला किती द्यायचे, ते त्यात विचारलेलं नसतं.