सेबूचा सिनुलोग : एक सटीप कौटुंबिक पत्र

ती. दादा व ती. सौ. आई यांच्या चरणी सेबूस्थित कुटुंबाचा शि. सा. नमस्कार.

वि. वि. सिनुलोग हा फिलिपाइन्समधील सेबू शहराचा वार्षिक उत्सव असून तो जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी कळसाला पोहोचतो. ज्या नृत्यावरून त्याला हे नाव मिळाले ते दोन पावले पुढे व एक पाऊल मागे अशा चालीचे आहे आणि पाण्याचा प्रवाह या अर्थाच्या ‘सुलोग’ या सेबुआनो शब्दाशी त्याचे नाते सांगितले जाते. (मागील पत्रात प्रथमपुरुषी एकवचनाचा अतिरेक झाल्याचा शेरा तांबड्या शाईने मारून दादांनी ते परत पाठवले असल्याने प्रस्तुत पत्र तृतीयपुरुषी आहे.)

उत्सवाचे दैवत सांतो निन्यो, म्हणजे बाल येशू, होय. १५२१ मध्ये मॅगेलनच्या स्पॅनिश मोहिमेबरोबर ही जेमतेम फूटभर उंचीची लाकडी मूर्ती येथे आली व सेबूचा राजा हुमाबोन याच्या बाप्तिस्मा घेतलेल्या राणीला भेट मिळाली. हुमाबोनच्या नावामागची ‘राजा’ ही पदवी मूळची संस्कृतच, हे दादांनी शेजारच्या जोशीकाकांना अवश्य ऐकवावे. पुढे काही दिवसांतच मॅगेलन समोरच्या माक्तान बेटावरील लढाईत मारला गेला, स्पॅनिश लोक निघून गेले आणि १५६५ मध्ये स्पॅनिश सेनानी लेगास्पीच्या सैनिकांना तीच मूर्ती एका जळालेल्या घरात पेटीसह सुखरूप सापडली. मधल्या ४४ वर्षांत स्थानिक लोकांनी तिला आपलेसे केले होते व अवर्षणात पावसासाठी ते तिला समुद्रात बुचकळत, अशी परंपरागत समजूत आहे. देव पाण्यात घालून बसणे हा केवळ मराठी वाक्प्रचार नसून आंतरराष्ट्रीय जलनीती आहे, असे कुटुंबप्रमुखांचे मत त्यामुळे बनले असून सूनबाईंनी ते अद्याप मान्य केलेले नाही.

आजची भव्य मिरवणूक १९८० पासूनची, म्हणजे तशी अर्वाचीनच. ढोल, पिसे, चकाकणारे पोशाख आणि ‘पित सेन्योर’ ही ललकारी (‘प्रभूला साद घाला’ अशा अर्थाची) हे तिचे विशेष होत. तथापि खरा सिनुलोग पाहायचा तर तो बॅसिलिकाच्या, म्हणजे सांतो निन्योच्या चर्चच्या, आवारात मेणबत्त्या विकणाऱ्या बायकांकडे पाहावा. गिऱ्हाइकाने मेणबत्त्या घेतल्या की बाई त्या हातात धरून मूर्तीच्या दिशेने हात हलवत, तीच पुढे-मागे पावले टाकत, गिऱ्हाइकाच्या वतीने गाऱ्हाणे घालते. चि. नातवाच्या गणितासाठी असे नृत्य झाले. त्याची प्रगतीही तेव्हापासून दोन पावले पुढे व एक मागे याच चालीने सुरू आहे.

भाषेमुळे थोडा घोटाळा होतो. सेबुआनोत ‘दिली’ म्हणजे नाही आणि ‘असा’ म्हणजे कुठे; त्यामुळे टॅक्सीवाल्याने ‘असा?’ विचारताच कुटुंबप्रमुख ‘असाच सरळ’ म्हणाले, तर मेणबत्तीवाल्या बाईने उरलेले पैसे ‘दिली’ म्हणूनही दिले नाहीत, ही सूनबाईंची तक्रार अजून मिटलेली नाही.

भोजनाविषयी, लेचोन म्हणजे निखाऱ्यांवर अख्खे फिरवून भाजलेले डुक्कर असल्याने कुटुंबाने त्याचे अध्ययन दुरूनच केले. मात्र ‘पुसो’, म्हणजे नारळाच्या कोवळ्या झावळीच्या मूठभर विणीत तांदूळ भरून उकडलेला भात, हा सर्वार्थाने आपला पदार्थ ठरला: वीण सुरीने चिरली की झावळीच्या वासाचा घट्ट मुटका बाहेर येतो, आणि त्यावर तूप-मेतकूट घातले तर तो मिरजेत शिजला नसेल असे कोणी म्हणणार नाही.

उत्सवानंतरच्या शुक्रवारी ‘हुबो’ असतो, म्हणजे वस्त्रे उतरवणे. पहाटेच्या प्रार्थनेत बाल येशूचा मुकुट, झगा, बूट असे एकेक उतरवून मूर्तीला सुवासिक पाण्याने स्नान घालतात व साधे कपडे चढवतात. सूनबाई गर्दीत चवड्यांवर उभ्या होत्या. परतताना त्यांनी इतकेच विचारले की, आपल्या बाळकृष्णाची कुंची येताना मिरजेतच राहिली का.

कळावे, लोभ असावा.

ता. क. कुंची सापडल्यास पाठवावी. सोबत मेतकूट, किमान एक किलो.