बटण दाबलं, पुढे?

अंबरनाथचं शिवमंदिर इ. स. १०६० मधलं, अजून उभं आहे. आमच्या आनंदनगरात परवा रात्री जोडलेला कॉम्प्युटर मात्र पहिल्याच बटणाला आडवा झाला. सगळे सुटे भाग लॅमिंग्टन रोडवरून बदलापूर लोकलने आणलेले, गर्दीत छातीशी धरून. पंखा एकदा गरगरला आणि थांबला. पडद्यावर अमावस्या.

लगेच सल्लागार मंडळ बसलं. शेजारचे काका म्हणाले, "व्होल्टेजच कमी आहे." मेहुण्याने कॅबिनेटला दोन चापट्या मारल्या, टीव्हीवर हा उपाय त्याला वीस वर्षं लागू पडला होता. आई एवढंच म्हणाली, "नारळ फोडला नव्हतास." नारळही फुटला. पंखा पुन्हा गरगरला, पुन्हा थांबला.

मंडळ जेवायला गेल्यावर मी मॅन्युअल उघडलं. कुणाचा हातही न लागलेलं. त्यात लिहिल्याप्रमाणे एकच रॅम ठेवली, प्रोसेसरपासून दुसऱ्या खाचेत. चोवीस पिनांची जाड केबल दाबून पाहिली, घट्ट. मग बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात आठ भोकांचं एक रिकामं सॉकेट दिसलं. प्रोसेसरला वीज देणारी केबल मागे, तारांच्या गुंत्यात, झोपली होती. लावली. 'खट्'. पडदा उजळला.

मंडळ परतलं. काका म्हणाले, "व्होल्टेज आलं बघ." मेहुण्याने हात झटकले. आईने खोबरं वाटलं. मॅन्युअलचं नाव कुणी काढलं नाही, मीही नाही.