खिशातून टेबलावर जायला मधे कंपनी कशाला?

टेंभुर्णीत एसटी स्टँडच्या आसपास कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात उभं राहा. एक वाक्य हमखास कानावर येईल, ‘या नंबरला व्हॉट्सॲप करा, प्रिंट काढतो.’ आधार, पासबुक, सातबारा, सगळं परक्याच्या फोनमध्ये टाकून माणूस कागद घेतो आणि निघतो. तिथे निदान घाई असते. पण घरी आल्यावर आपल्याच फोनातला फोटो आपल्याच कॉम्प्युटरवर न्यायचा तर तिथेही तोच रस्ता? स्वतःलाच व्हॉट्सॲप करायचं, नाहीतर ड्राइव्हला टाकायचं. दोन्ही वस्तू आपल्या, दोन्ही हाताच्या अंतरावर, आणि फाइल मात्र कंपनीच्या सर्व्हरला शिवून परत येणार. वर चढवताना डाटा जळतो, खाली उतरवताना पुन्हा जळतो. साधा फोटो म्हणून पाठवलेला असेल तर तो वाटेत बारीकही होतो. सातबाऱ्यावरचा गट नंबर वाचताना डोळे फुटतात ते त्यामुळे.

फुकट आहे म्हणून आपण गप्प बसलो. ते फुकटही राहिलं नाही. गूगल फोटोजमधली अमर्याद मोफत जागा १ जून २०२१ ला बंद झाली. उरले १५ जीबी, त्यातच जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो. २०२४ पासून अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्याच १५ जीबीत मोजला जाऊ लागला. आता ‘स्टोरेज फुल’ची पट्टी येते आणि माणूस दरमहा भाडं भरायला लागतो. घरातल्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क तेव्हा अर्धी रिकामी पडलेली असते.

याला सरळ उपाय आहे आणि तो दहा वर्षांहून जुना आहे. सिंकथिंग. याकोब बोर्ग या स्वीडिश प्रोग्रामरने २०१३ च्या डिसेंबरात तो लोकांपुढे ठेवला. कोड खुला, कोणीही वाचावा, तपासावा. पैसे नाहीत, जाहिरात नाही, खातं उघडायचं नाही, मोबाइल नंबर द्यायचा नाही. दोन यंत्रांवर हा प्रोग्रॅम टाकायचा आणि त्यांची एकमेकांशी ओळख करून द्यायची. प्रत्येक यंत्राला स्वतःची लांबलचक ओळख असते, सात-सात अक्षरांचे आठ गट. ती टाइप करत बसायची गरज नाही. कॉम्प्युटरच्या पडद्यावर क्यूआर कोड उघडायचा, फोनने स्कॅन करायचा. मग कॉम्प्युटर विचारतो, हे यंत्र जोडू का? ‘हो’ म्हटल्याशिवाय काही हलत नाही. त्यानंतर कॅमेऱ्याचा फोल्डर वाटून द्यायचा, तिकडेही होकार द्यायचा, झालं. घरच्या वायफायवर फोन आला की फोटो आहे त्या आकारात कॉम्प्युटरमध्ये उतरतो. तेवढ्यासाठी इंटरनेटचा डाटा लागत नाही. मुलगी पुण्यात असेल तर तिचा लॅपटॉपही जोडता येतो. थेट वाट मिळाली नाही तर जगभरच्या स्वयंसेवकांनी चालवलेल्या मधल्या सर्व्हरवरून फाइल जाते, पण कुलूपबंद. मधल्याला आत काय आहे ते दिसत नाही.

आपल्या भागात लाइटचा भरवसा नाही, मग हे चालेल का? चालतं. फाइल लहान तुकड्यांत जाते, अगदी छोटा तुकडा १२८ केबीचा. अर्ध्यात लाइट गेली तर पोचलेले तुकडे वाया जात नाहीत, राहिलेलेच पुढे जातात. अट एकच, दोन्ही यंत्रं काही वेळ तरी एकाच वेळी चालू हवीत. कॉम्प्युटर दिवसभर बंद आणि फोन रात्री बंद, असं घर असेल तर फोटो जागचे हलणार नाहीत. शिवाय काही फोन बॅटरी वाचवायच्या नादात मागे चालणारं ॲप मारून टाकतात. सेटिंगमध्ये जाऊन या ॲपला त्यातून सूट द्यावी लागते. लोक तेवढं करत नाहीत आणि दोन दिवसांत ‘हे काही चालत नाही’ म्हणून काढून टाकतात.

मी हे एवढं तावातावाने लिहितो त्याचं कारण उजनी. धरण १९८० साली पुरं झालं आणि भीमाकाठची गावंच्या गावं पाण्याखाली गेली. त्या घरांमध्ये निवाड्याची नक्कल, पुनर्वसनाचा आदेश, प्रकल्पग्रस्त दाखला हे कागद आजही जपून ठेवलेले असतात. नातवाला सरकारी नोकरीच्या समांतर आरक्षणात अर्ज करायचा तर तो दाखला लागतो. घडीवर फाटलेल्या त्या कागदाचा एक फोटो कुणाच्या तरी फोनमध्ये असतो आणि तेवढ्यावर सगळे निर्धास्त असतात. फोन कॅनॉलात पडला की संपलं. नवी नक्कल मिळवायला किती खेटे घालावे लागतात हे धरणग्रस्ताला कोणी सांगायला नको. अशा घरात तीन यंत्रांवर आपोआप तीन प्रती राहिल्या पाहिजेत, आणि त्या कोणाच्या मेहेरबानीवर असता कामा नयेत. भाडं थकलं म्हणून कंपनी दार लावू शकेल अशा जागी हे कागद ठेवायचेच कशाला?

पण एक गोष्ट ठणकावून सांगतो, कारण इथेच लोक मार खातात. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. फोनची मेमरी भरली म्हणून तुम्ही फोटो उडवलेत, तर हा आज्ञाधारक प्रोग्रॅम कॉम्प्युटरवरूनही ते उडवतो. म्हणून पहिल्याच दिवशी कॉम्प्युटरच्या बाजूला जुन्या आवृत्त्या राखून ठेवायची सोय चालू करा. मग फोनवरून उडालेली फाइल तिथे वेगळ्या फोल्डरमध्ये पडून राहते. कामाचे कागद तर त्या फोल्डरच्या बाहेर, वेगळ्या हार्ड डिस्कवरही हवेतच. एकच हिशेबाची फाइल दोघांनी दोन ठिकाणी बदलली तर सिंकथिंग एकाचं काम दुसऱ्यावर फासत नाही. आधी बदललेली प्रत ‘सिंक-कॉन्फ्लिक्ट’ असं नाव लावून बाजूला ठेवतो. ती फाइल कचरा समजून डिलीट करू नका, उघडून बघा.

उणीवही सांगायला हवी. मूळ अँड्रॉइड ॲपचं काम २०२४ च्या डिसेंबरात थांबलं. प्ले स्टोअरवर ॲप चढवण्याची वाढती कटकट आणि सांभाळायला माणसं नाहीत, ही कारणं होती. कंपनीचं बंदिस्त ॲप असतं तर विषय तिथेच मिटला असता. इथे कोड खुला होता, त्यावरून इतरांनी आधीच काढलेली सिंकथिंग-फोर्क ही शाखा होती आणि लोक तिकडे वळले. आयफोनसाठी मात्र अधिकृत ॲप नाही. फुकट वापरणाऱ्या आपल्यासारख्यांनी या कामाला वर्षाकाठी चार पैसे पाठवले, तर सांभाळणारी माणसं टिकतील. आपण रिचार्जला पैसे मोजतोच ना?

भारत सरकारने २०१५ मध्ये आपल्या कारभारासाठी मुक्त सॉफ्टवेअरचं धोरण जाहीर केलं. आपल्या दारापर्यंत ते यायची वाट कशाला बघायची? टेंभुर्णीत, कुर्डुवाडीत, माढ्यात एमएस-सीआयटीचे क्लास आहेत. वर्षानुवर्षं पोरं तिथून सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडतात. क्लासवाल्यांनो, प्रत्येक बॅचला एक तास जादा द्या. पोरांना घरातला जुना लॅपटॉप आणायला सांगा, तुमच्यासमोर दोन यंत्रं जोडून घ्या, फोनमधला एक फोटो मुद्दाम उडवा आणि तो कॉम्प्युटरच्या जुन्या आवृत्त्यांतून परत काढून दाखवायला लावा. ज्याला तो काढता येईल त्याच्या हाती घरातल्या कागदांची पेटी द्या, स्कॅन करायला.