तळघरातले पानवैद्य

कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून घरात गांजाची चार रोपं लावायला कायद्याने मुभा मिळाली. माणशी नव्हे, घरटी चार. क्विबेकने तेवढंही नको म्हटलं, ओंटारियोने चालेल म्हटलं, आणि ब्रॅम्प्टन-मिसिसागाच्या तळघरांत एक नवी जमात उगवली. ही जमात गांजा ओढत नाही. निदान आमची मराठी शाखा तरी नाही. ती नुसती पानं बघते.

पानवैद्य ओळखणं सोपं. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, नोकरी आयटीत, मुलं विद्यापीठात गेलेली. घरात आता त्याचं ऐकून घेणारं कुणी उरलेलं नसतं, म्हणून तो रोपांशी बोलतो. खिशात सोनाराचं भिंग. कुणाकडे सत्यनारायणाला गेला तर तीर्थप्रसादाआधी तुळशीचं पान उलटं करणार, भिंग लावणार आणि भरल्या घरात जाहीर करणार, "लाल कोळी आहे हो वहिनी." वहिनी बिचाऱ्या रात्रभर पलंगाखाली कोळी शोधतात.

त्याचं पुस्तकी ज्ञान पक्कं असतं, हे मान्य केलं पाहिजे. पिवळेपणा कुठून सुरू झाला हे तो आधी विचारतो, आणि तो प्रश्न बरोबरच आहे. नत्र कमी पडलं की झाड म्हाताऱ्या पानांतलं नत्र काढून कोवळ्या शेंड्याला देतं, त्यामुळे पिवळं पडायला खालून सुरुवात होते. लोहाला असं जागचं हलता येत नाही. ते कमी पडलं तर नवं पान पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या. मॅग्नेशियमची रड जुन्या पानांच्या शिरांमधल्या जागेत दिसते, पालाशची कडांना करपा येऊन. खत जास्त झालं तर पानांची टोकं तपकिरी होऊन जळतात. हे सगळं तो कॉफी थंड होईपर्यंत सांगू शकतो. घोटाळा पुढे होतो. प्रत्येक लक्षणाला त्याच्याकडे एक बाटली असते, आणि आणलेली बाटली न वापरता ठेवायची हे मराठी मनाला पटत नाही.

शिवाय बिचारा ज्या उजेडात तपासणी करतो तो उजेडच जांभळा. लाल-निळ्या एलईडी दिव्यांखाली धडधाकट झाडही आजारी दिसतं. त्याच उजेडात फोटो काढून तो रात्री अकराला मित्रांना पाठवतो. मित्रही पानवैद्यच. एक म्हणतो कॅल्शियम, दुसरा म्हणतो गंधक, तिसरा म्हणतो पंखा जवळ आहे. सकाळपर्यंत तिघांचेही उपाय करून झालेले असतात. कुंडी दिव्याखालून काढून पांढऱ्या उजेडात बघायचं कुणालाच सुचत नाही. पाणी किती घालतोस, हेही कुणी विचारत नाही, कारण तो प्रश्न फार बाळबोध. त्यात शास्त्र काय?

शास्त्र तिथेच आहे. माती सतत ओली राहिली की मुळांना हवा मिळत नाही. हवा नसली की मातीत अन्न असूनही मुळं ते उचलत नाहीत. मग पानावर नत्र, लोह, मॅग्नेशियम सगळ्यांच्याच टंचाईची सोंगं उमटतात, आणि वर पानं माना टाकतात. माना टाकलेल्या पानांकडे बघून पानवैद्य म्हणतो, "तहानलंय रे!" आणि आणखी एक तांब्या ओततो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

अशा एका पानवैद्याकडे निफाडहून सासू-सासरे आले. तळघर आठवडाभर कुलूपबंद, जिन्यात उदबत्तीचा धूर. पण लोणच्याची बरणी ठेवायला सासूबाई खाली उतरल्याच. रोपं बघून त्यांचा चेहरा उजळला. "अगंबाई, अंबाडी! इथे अंबाडी कुठून मिळवलीत? उद्या भाकरीबरोबर करते." अंबाडीचं पान गांजासारखंच चिरलेलं असतं, त्यामुळे त्यांची चूक म्हणता येत नाही. जावयाने खरं काय ते सांगितलं, कायद्याचं वर्ष सांगितलं, चाराचा आकडा दोनदा सांगितला. सासूबाई वर गेल्या आणि फोन घेऊन बहिणीशी हळू आवाजात बोलू लागल्या.

सासऱ्यांनी मात्र चप्पल काढून खाली बैठक मारली. चाळीस वर्षं द्राक्षं केलेला माणूस. त्यांनी पानाला हातच लावला नाही. कुंडी उचलून बघितली.

"जावईबापू, घागर आहे ही. पाणी कधी घातलंत?"

"सकाळी. रोजच घालतो."

"सामू किती पाण्याचा?"

जावई गप्प. ओंटारियो सरोवराचं पाणी किंचित अल्कधर्मी. ते तसंच ओतत राहिलं तर मातीचा सामू, म्हणजे पीएच, चढतो आणि असलेलं लोहही झाडाला मिळेनासं होतं. सासऱ्यांनी तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसली, बाहेर काढून हुंगली. "बाटल्या किती घातल्यात?" जावयाने फळीकडे बोट दाखवलं. सासऱ्यांनी बाटल्या मोजल्या आणि थोडा वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "आम्हीसुद्धा नुसतं पान बघून खत टाकत नाही. छाटणीनंतर देठ परीक्षणाला प्रयोगशाळेत पाठवतो, अहवाल आला की मग खिशात हात. तुम्ही तर इंजिनिअर."

दुसऱ्या दिवशी सगळे नायगाऱ्याला गेले, तिथून मॉन्ट्रियलला. आठवडाभर कुंड्यांना कुणी शिवलं नाही. परत येऊन बघतात तर नवे शेंडे टवटवीत. खालची पिवळी पानं तशीच होती. एकदा पूर्ण पिवळं पडलेलं पान पुन्हा हिरवं होत नसतं. पानवैद्याने भिंग लावलं, मान डोलावली आणि मित्रांना कळवलं, "मॅग्नेशियम लागू पडलं. जरा उशिरा पडतं."

पीक आलं की काय करतो, हे विचारू नये. ओढत तो नाही, बायको तर वाऱ्यालाही उभी राहत नाही, आणि मराठी मंडळात फुकट वाटायला गेला तर लोक खुर्ची सरकवून घेतात. फळीवर बरण्या साचतात, त्यांवर सुवाच्य अक्षरात तारखा. मग पुन्हा बी.

हे वाचून कुणाचे हात शिवशिवत असतील तर एवढं लक्षात असू द्या: ब्रॅम्प्टनमध्ये चार रोपं चालतात, पण आपल्याकडे १९८५च्या अमली पदार्थविरोधी (एनडीपीएस) कायद्याखाली परवान्याशिवाय गांजाचं एक रोप लावणंही गुन्हा आहे. गॅलरीतल्या कढीलिंबावर हौस भागवा. त्याचीही पानं पिवळी पडतात, आणि बाटली आणण्याआधी कुंडीत बोट घालून बघायला परवाना लागत नाही.