तुमची सुई परत पाठवतेय, काकू

समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंना,

नमस्कार लिहिते, कारण वयाने मोठ्या आहात. बाकी या पत्रात गोड काही नाही.

सोबत तुमची स्वेटर विणायची सुई आहे. लेक सायकलवरून पडली, मनगटाजवळच्या हाडाला बारीक चीर गेली. लहान मुलांचं हाड लवकर जुळतं, काही आठवड्यांत प्लास्टर निघेल, असं डॉक्टर म्हणाले होते. साधं दुखणं होतं. तुम्ही ते चिघळवलंत.

प्लास्टरखाली घाम जिरत नाही, सुटलेली त्वचा तिथेच साचते, म्हणून खाज सुटते. पोर कळवळली. तुम्ही सुई पदराला पुसून तिच्या हातात दिलीत आणि वर बजावलंत, "आईला सांगू नकोस." का नको, काकू? चुकीचं आहे हे ठाऊक होतं, म्हणूनच ना?

आतलं काही दिसत नाही. आम्हाला आधी वास आला. डॉक्टरांनी प्लास्टर कापलं तेव्हा मनगटावर लाल ओरखडे होते, एका ओरखड्यात पू झाला होता. आतला कापूसही सुईने ढकलून गोळा झालेला, आणि तो नेमका हाडाच्या उंचवट्यावर रुतलेला. ओल्या कापसावरून कळलं, खोबरेल तेलही ओतलं होतंत. खाजेवर हेअर ड्रायरची थंड हवा पुरते. एवढं विचारायला आमचं दार किती लांब होतं?

पण मला जास्त लागलं ते पहिल्या रात्रीचं. बोटं सुजली होती आणि तुम्ही तिला म्हणालात, "प्लास्टर घट्टच असतं, सोसायचं." नाही सोसायचं! सूज वाढते, पण प्लास्टर ताणलं जात नाही. आत दाब चढला की स्नायूंचा रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत ते कायमचे निकामी होऊ शकतात. घट्ट बांधलेल्या हाताची बोटं पंजासारखी वळून आखडतात, हे जर्मन शल्यविशारद रिचर्ड फॉन फोल्कमान यांनी १८८१ मध्येच लिहून ठेवलंय. म्हणून तर पहिले दोन-तीन दिवस हात उशीवर, छातीपेक्षा उंच ठेवायचा, बोटं हलवत राहायची, नख दाबून सोडल्यावर ते लगेच गुलाबी होतंय का पाहायचं. त्या रात्री मी तेच करत बसले होते, आणि तुम्ही तिला गप्प राहायला शिकवत होतात.

आता नवं प्लास्टर घातलंय. ते पुरतं वाळायला दोनेक दिवस लागतील, तोवर दाबून बघू नका. चोळून देणाऱ्या बाईंचा नंबरही नको.

तिला भेटायला या, पत्ते खेळा, तिचा दुसरा हात मोकळा आहे. मात्र बोटं निळी, गार किंवा बधिर झाली, दुखणं वाढतंय असं ती म्हणाली, तर तेव्हाच आमचं दार वाजवा. आम्ही घरी नसलो, तर रिक्षा करून तिला थेट दवाखान्यात न्या.

तिची आई